दाजींचा २ टीबीचा पेनड्राइव्ह आणि लेकीची होस्टेलची यादी

पंढरपूरच्या एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, त्यातला कामाचा भाग त्यांच्याच शब्दांत देतो:

"आमच्या मिस्टरांना ऑनलाइन स्वस्तातल्या वस्तू मागवायचा नाद आहे. टीव्हीखालचा अख्खा ड्रॉवर केबली, चार्जर, हेडफोन, ते छोटे पंखे असल्यानं भरलाय, त्यातलं निम्मं बंद. सासूबाईंची पंचाहत्तरी केली त्याचं शूटिंग फोटोग्राफरकडून यांनी ४४९ रुपयांच्या २ टीबीच्या पेनड्राइव्हवर घेतलं. मग एवढी जागा आहेच म्हणून घरातले सगळे जुने फोटोही त्यात टाकले आणि लॅपटॉप भरला होता तर तिथले उडवले. आता त्यात फायलींची नावं दिसतात पण एक उघडत नाही. सासूबाई रोज विचारतात, ते औक्षणाचं लाव की गं. मी काय लावू? पेनड्राइव्ह समोरच पडलाय, बघितला की डोकं फिरतं. त्यात मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला चाललीये, होस्टेलला. लॅपटॉप नवीन घेतला, पण माऊस, पेनड्राइव्ह, पॉवर बँक, इअरफोन, टाइप-सी केबल, एक्स्टेन्शन बोर्ड हे राहिलंय. हे म्हणतात सगळं मिळून पंधराशेत बसवतो. मी म्हणते आता सगळं ब्रँडेड, होऊ देत आठ-नऊ हजार. रोज वाद. तुम्हीच सांगा कोण बरोबर."

ताई, नमस्कार.

यादीचं नंतर बघू, आधी ते औक्षण. पत्र वाचताना मला धास्ती होती की तुम्ही रागाच्या भरात तो पेनड्राइव्ह चंद्रभागेत सोडला असणार, बरं झालं समोरच पडलाय. तर तो उचला, एका पाकिटात घाला आणि कपाटात ठेवून द्या. त्यावर आता काही कॉपी करायचं नाही आणि लॅपटॉपनं फॉरमॅट करायचं का असं विचारलं तर नाही म्हणायचं, दाजी असल्या वेळी पटकन होय दाबणाऱ्यांतले वाटतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

पण त्याहून घाईचं काम वेगळंच आहे. तुम्ही जाता जाता लिहून गेलात की लॅपटॉपवरचे फोटो उडवले, मला अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची ओळ ती वाटली. तो जुना लॅपटॉप वापरायचा बंद करा. आजपासून नाही, आत्तापासून. फाइल डिलीट केली म्हणजे ती लगेच पुसली जात नाही हो, फक्त ही जागा आता मोकळी आहे अशी नोंद होते, आणि त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर जुनं तिथंच पडून असतं. म्हणजे त्यावर रोज यूट्यूब चालू राहिलं, विंडोजचे अपडेट उतरत राहिले की एकेक फोटो खाली गाडला जातो. बंद करण्याआधी फक्त एकदा रिसायकल बिन उघडून बघा, हसू नका, माझ्याकडं रडवेलं तोंड करून आलेल्या कितीतरी जणांचं सगळं तिथंच निघालंय.

तिथं नसेल तर डिस्क कुठली ते महत्त्वाचं. लॅपटॉप जुना असेल, कान लावल्यावर आतून बारीक घरघर येत असेल तर ती फिरणारी हार्ड डिस्क, मग आशा बरीच आहे. न फिरणारी, चिपांची एसएसडी असेल तर कमी, कारण ती मोकळी झालेली जागा मागच्या मागं आपली आपण साफ करून टाकते. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर असल्या कामाला चांगलं आहे, पण ते त्याच लॅपटॉपवर उतरवून त्याच डिस्कवर फोटो काढत बसाल तर आपल्याच हातानं उरलेले फोटो पुसाल. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावायची आणि सापडेल ते तिसऱ्याच डिस्कवर उतरवायचं. गावातला चांगला रिपेअरवाला करून देईल, फक्त त्याला आधी विचारा की माझ्या डिस्कवर काही लिहिणार नाही ना, यावर तो काय उत्तर देतो त्यावरनं माणूस कळतो.

आणि फोटोग्राफरला फोन लावा. हे लोक डिस्क भरेपर्यंत शक्यतो जुनी शूटिंगं उडवत नाहीत, पण लगीनसराई आली की उडवतात, म्हणून उशीर नको. मिळणार असेल तर रिकाम्या हातानं जाऊ नका, नवीन पेनड्राइव्ह घेऊन जा. कुठला घेऊन जायचा ते खाली येतंय.

आता त्या ४४९ वाल्याचं. तो खराब झालेला नाहीये ताई, तो पहिल्या दिवसापासून खोटं बोलतोय. पेनड्राइव्हच्या आत मेमरीची चिप असते आणि तिच्यावर एक कारभारी चिप असते. कॉम्प्युटर त्या कारभाऱ्याला विचारतो जागा किती, तो सांगेल त्यावर कॉम्प्युटर विश्वास ठेवतो, मोजून कुणी बघत नाही. हे बनवणारे तो कारभारी फितवतात, आत बत्तीस जीबी असली तरी तो २ टीबी म्हणजे दोन हजार जीबी सांगतो. तुमच्याच गावचं उदाहरण घ्या, आषाढीला कुणीतरी बत्तीस खोल्यांच्या मठावर दोन हजार खोल्या अशी पाटी लावली आणि वहीत दोन हजार जणांची नावं लिहून सगळ्यांना पावत्या दिल्या. पहिल्या बत्तीस दिंड्या व्यवस्थित राहतात. तेहतिसावी आली की कारभारी एकतर पहिल्या खोलीतल्यांना बाहेर काढून यांना घालतो नाहीतर यांना रस्त्यावरच सोडतो, पण वहीत सगळ्यांची नावं शाबूत. तुम्हाला फायलींची नावं दिसतायत ती त्या वहीतली. खोलीत माणूस नाही.

म्हणून कुठं हजारो रुपये घेऊन डेटा रिकव्हरी करून देतो म्हणणारा भेटला तर हा पेनड्राइव्ह त्याच्याकडं देऊ नका. आत जे लिहिलंच गेलं नाही ते कोण काढणार? त्यात खऱ्या जागेत मावलेलं थोडंफार निघेल, तेवढं त्या रिपेअरवाल्यालाच जाता जाता बघायला सांगा.

भाव बघूनच शंका यायला हवी होती असं दाजींना म्हणू नका, रोज असल्या जाहिराती समोर आल्या की माणसाचा अंदाजच सुटतो. २०१७ साली किंग्स्टननं खराखुरा २ टीबीचा पेनड्राइव्ह काढला होता, चांगला जाडजूड अंगठ्याएवढा, आणि त्याची किंमत ऐकून गप्प बसावं अशी होती. आजही खरी २ टीबीची एसएसडी घ्यायला गेलात तर पाच आकडी रक्कम लागते. ४४९ मध्ये फार तर ३२ किंवा ६४ जीबी येते आणि आलं तेही तेवढंच असणार.

मी पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास अकरा वर्षं रिपेअरिंगच्या काउंटरवर काढली. एकदा एक पोरगा १ टीबीची पोर्टेबल एसएसडी घेऊन आला, झकास काळी अ‍ॅल्युमिनियमची डबी, लायटरएवढी, फोटो दिसत नाहीत म्हणाला. वजन हातात घेतलं तेव्हाच कळलं काहीतरी गडबड आहे. झाकण उचकटलं तर आत नखाएवढ्या बोर्डावर मोबाइलचं मेमरी कार्ड बसवलेलं, आणि ते हलू नये म्हणून वरून ग्लू गनचा पिवळट गोळा, बाकी डबी रिकामी. पोरगा बराच वेळ त्या गोळ्याकडं बघत राहिला, मग म्हणाला सर हे कार्ड तरी चालू आहे का. चालू होतं. ३२ जीबीचं.

तर आता तुमचा वाद. दोघंही चुकताय, आणि दोघंही थोडे थोडे बरोबर आहात, पण हे दोघांना खूश करायला म्हणत नाहीये. तुम्ही सगळी यादी एकाच तागडीत घालताय, दाजी सगळं स्वस्त म्हणतात तुम्ही सगळं महाग म्हणता. काउंटरवर बसून मला एवढंच कळलं की प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारायचा, ही मेली तर एकटीच मरेल का जाताना आणखी कुणाला घेऊन जाईल? माऊस मेला तर माऊस मेला, दुसरा आणला. पेनड्राइव्ह जातो तो फोटो घेऊन जातो. पॉवर बँक नाहीतर चार्जर जातो तो फोन घेऊन जातो आणि नशीब वाईट असेल तर गादी पेटवून जातो. एकट्यानं मरणाऱ्या वस्तू दाजींच्या पद्धतीनं घ्या, सोबत नेणाऱ्या तुमच्या पद्धतीनं.

माऊस दाजींना घेऊ द्या. वायरचा, तीनशे-साडेतीनशेचा, दोन-तीन वर्षं आरामात जातो, पुढं कधीतरी एकदा दाबला की दोनदा दाबल्यासारखं करायला लागतो कारण आतला बारीक पत्रा झिजतो, तेव्हा टाकून नवीन. लेकीला वायरलेसच हवा असेल, पोरींना टेबलावर वायरी आवडत नाहीत, तर तोही स्वस्तातला चालेल, फक्त एक गंमत सांगून ठेवतो जी बॉक्सवर कुणी छापत नाही. माझ्याकडं एक मुलगी तीनदा माऊस बदलायला आली, म्हणे हा संध्याकाळी अडकतो. सकाळी काउंटरवर लावला की लोण्यासारखा चालायचा. तिसऱ्यांदा तिला म्हटलं जसा रूमवर लावतेस तसा सगळा पसारा घेऊन ये. आली, आणि बघतो तर माऊसचं ते नखाएवढं रिसीव्हर आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्कची वायर शेजारी शेजारी खोचलेली. संध्याकाळी ती हार्ड डिस्कवरचे पिक्चर बघायची. यूएसबी ३ ची डिस्क चालू असताना जो गोंगाट सोडते तो २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात येतो आणि बिचारा माऊस त्याच पट्ट्यात बोलत असतो. रिसीव्हर काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावला, संपलं. तोवर माऊस उगाच बदलत बसलो. आणि हो, काचेच्या टेबलावर साधा माऊस चालत नाही, खाली वही ठेवायची, त्याला माऊसपॅड लागतंच असं काही नाही.

इअरफोनही दाजींचेच. वायरवाले तीनशे-चारशेचे घ्या, लेक्चरला आणि घरी फोनवर बोलायला त्यांचा माइक त्याच किमतीतल्या ब्लूटूथ बड्सपेक्षा बरा निघतो, चार्जिंग करायची भानगड नाही. बड्समधली बॅटरी एवढीशी असते, वर्ष-दोन वर्षांत दम सोडते आणि ती बदलून कुणी देत नाही. फक्त मोबाइलला गोल पिनेचं भोक आहे का टाइप-सीच आहे ते आधी बघा, नाहीतर पार्सल फोडल्यावर ध्यानात येतं.

केबल मधली आहे. स्वस्त चालते पण अगदी पन्नासची नको. तुमच्या त्या ड्रॉवरमध्ये अशी एखादी केबल नक्की असणार की जिनं मोबाइल चार्ज होतो पण लॅपटॉपला लावला तर फोटो दिसतच नाहीत, मग माणूस मोबाइलला दोष देतो. त्या केबलीत डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात, फक्त करंटच्या दोन. सुटीच्या दिवशी दाजींना सगळ्या केबली घेऊन बसवा, एकेक लावून बघायची आणि जिच्यात फोटो दिसत नाहीत तिला लाल दोरा बांधायचा, टाकायची गरज नाही, एसटी स्टँडवर मोबाइल चार्ज करायला ती छानच आहे. लेकीचा नवा लॅपटॉप टाइप-सीनं चार्ज होणारा असेल तर मात्र केबलवर ६० वॉट किंवा १०० वॉट लिहिलंय का बघा आणि चार्जरवर जेवढे वॉट असतील त्यापेक्षा कमीची घेऊ नका. ६० च्या वर जायचं तर केबलीच्या तोंडातच एक छोटी चिप लागते, ती नसली तर चार्जर जास्त करंट सोडतच नाही, जळत वगैरे काही नाही, पण लॅपटॉप रडत रडत चार्ज होतो. तीनशे-चारशेत चांगली मिळते. मानेशी तुटायला लागली की जुन्या बॉलपेनाची स्प्रिंग गुंडाळायची, हा जुगाड मला कॉलेजच्या पोरांनी शिकवला.

आता तुमच्या बाजूच्या वस्तू. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा पुरे, नाव ऐकलेल्या कंपनीचा, पक्क्या बिलावर. सहाशेच्या आसपास पडेल, मेमरीचे भाव वरखाली होत असतात म्हणून नेमका आकडा धरू नका. लॅपटॉपला लावल्यावर ६४ च्या जागी ५७ ते ५९ दिसतील, तेव्हा दाजी म्हणतील बघा यांनीपण फसवलं. तसं नाहीये. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते, विंडोज १०२४ च्या, शिवाय थोडी जागा आतल्या कारभाराला लागते. ५९ दिसणं ठीक, ६४ च्या जागी २००० दिसले तर पळा. आणि यूएसबी ३ असं लिहिलंय, आतलं प्लास्टिक निळं आहे म्हणून फायली झटक्यात जातील असं नाही, स्वस्तातला निळाही लिहिताना सेकंदाला दहा एमबीनं रखडतो, वाचताना मात्र पळतो. लेकीच्या असाइनमेंटला तेवढा चालतो. शूटिंगची मोठी फाइल ४ जीबीच्या वर असेल आणि जागा असून जागा नाही म्हणायला लागला तर तो एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट आहे, तिच्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, एक्सफॅट या नव्या पद्धतीनं करून घ्या, अर्थात रिकामा असताना. नंतर टीव्हीला लावून बघा, काही जुन्या टीव्हींना एक्सफॅट वाचता येत नाही, मग लॅपटॉपवरूनच टीव्हीला दाखवावं लागेल, सासूबाईंना सोफ्यावरून नीट दिसलं म्हणजे झालं.

पॉवर बँकेवर जरा बोलतो कारण हे पोर झोपताना उशाशी घेऊन झोपणार आहे. ५९९ मध्ये ५०,००० एमएएच लिहिलेल्या पॉवर बँका मी स्वतः उघडल्यात. एकीत सहा सेलांच्या जागा होत्या, सेल दोनच, बाकीच्या नळकांड्यांत वजनाला वाळू भरलेली, कात्रीनं कापल्यावर टेबलभर सांडली. म्हणून घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची. आतला एक गोल सेल चांगला असेल तर जास्तीत जास्त साडेतीन हजार एमएएचच्या आसपास येतो आणि त्याचं वजन पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम असतं, गोलाऐवजी चपटे सेल वापरले तरी हिशोब फार वेगळा पडत नाही. १०,००० ची पॉवर बँक दोनशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवी, २०,००० ची साडेतीनशे-चारशे. ५०,००० लिहिलेली दीडशे ग्रॅम भरली तर पुढं काही तपासायची गरजच नाही. उलटं मात्र धरू नका, वजन बरोबर आलं म्हणजे चांगलीच असं नाही, वाळूला पण वजन असतं.

लेकीला १०,००० ची बास. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात रेटेड कपॅसिटी म्हणून सहा हजारांच्या आसपास आकडा छापलेला असतो, तो दिसला तर घाबरू नका, उलट छापलाय म्हणून बरं वाटू द्या. आतला सेल ३.७ व्होल्टचा, बाहेर ५ व्होल्ट द्यायचे, म्हणजे दहा हजारांचे ७,४०० तिथंच झाले आणि थोडं उष्णतेत जातं. तिचा फोन साधारण दीड वेळा भरेल. मागं बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि आर अक्षरानं सुरू होणारा नंबर असतो, बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे त्यात तो नंबर टाकला की तो कुणाच्या नावावर आहे ते येतं, बॉक्सवर एक नाव आणि अ‍ॅपमध्ये दुसरंच निघालं तर परत करा. हजार-बाराशे जातील, जाऊ द्या. तिला दोन गोष्टी सांगा, चार्जिंगला लावून गादीवर उशीखाली ठेवायची नाही आणि कधी पोट फुगलेलं दिसलं तर दाबायची नाही, टोचायची नाही, वापर बंद करून ई-कचरा घेणाऱ्याकडं द्यायची. दाजींच्या ड्रॉवरमध्ये फुगलेलं काही असेल तर तेही यातच आलं.

एक्स्टेन्शन बोर्डात तर अजिबात कंजुषी नको. दोन पिनांची ती पांढरी पातळ वायर आणि वर पाच भोकं, असलं होस्टेलला पाठवू नका. तीन पिनांचा, जाड वायरीचा, आयएसआय मार्कचा, सहा-सातशेचा. जुन्या इमारतीत काय होतं, सॉकेटला अर्थिंगच नसतं, मग धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना मनगट टेकलं की झिणझिण्या येतात. माझ्याकडं पोरं यायची, सर लॅपटॉप करंट मारतो. लॅपटॉप मारत नसतो, चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. जिवाला धोका नसतो सहसा, पण सवय लावून घ्यायची गोष्ट नाही, रेक्टरला सांगून अर्थिंग तपासून घ्यायचं. आणि त्या बोर्डावर इस्त्री, हीटरचा रॉड लावायचा नाही, रूममेट लावणारच, तिला आपल्या बोर्डावरून लावू द्यायचा नाही एवढं तरी.

कूलिंग पॅड वगैरे यादीत नाहीये ते बरं केलंत. लॅपटॉप तापला तर मागच्या बाजूला खाली बाटलीची दोन झाकणं ठेवायची, हवा खेळते.

बेरीज केलीत तर साडेतीन हजाराच्या आत-बाहेर बसतं. आठ-नऊ हजाराचा तुमचा विचार म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला, दीड हजाराचा माऊस काही अभ्यास जास्त करत नाही.

दाजींबद्दल दोन शब्द, तुम्ही विचारलं नाही तरी. त्यांनी पेनड्राइव्ह मागवला तो आईच्या पंचाहत्तरीसाठी मागवला आणि घरातले सगळे फोटो एका ठिकाणी नीट राहावेत म्हणून त्यात टाकले. हेतू चांगलाच होता, हिशोब चुकला. आणि त्या वस्तूखाली साडेचार चांदण्या होत्या, हजारो लोकांनी मस्त आहे म्हणून लिहिलं होतं असं ते म्हणत असतील तर तेही खरं असणार. लोक पार्सल फोडतात, पेनड्राइव्ह लावतात, २ टीबी दिसतं, चार गाणी टाकतात, ती वाजतात, पाच चांदण्या देऊन मोकळे. पुरता भरून कुणी बघतच नाही, आणि भरेपर्यंत परत करायची मुदत गेलेली असते. म्हणून असल्या वस्तूची एक-दोन चांदण्यांची मतं आधी वाचायची, ती लिहिणारा महिन्याभरानं परत आलेला असतो.

माझं म्हणाल तर मागवायचं खातं त्यांच्याकडंच राहू द्या आणि सोबत तपासायचंही द्या. एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) नावाचं एक छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, जर्मनीतलं, दिसायला अगदी जुनाट. नवीन रिकामा पेनड्राइव्ह लावून ते चालवलं की ते अख्खा पेनड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून बघतं, जिथं खोट असेल तिथं लाल अक्षरात सांगतं. ६४ जीबीला दोनेक तास, रेंगाळला तर जास्तच, रात्री लावून झोपायचं. हे नवीन लॅपटॉपवर करा, जुना बंद आहे हे विसरू नका. पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, बॉक्सवर एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीचा नंबर छापलाय का बघायचं, नसेल तर तिथंच समजून जायचं. तो ४४९ वाला ज्या साइटवरून घेतला तिथं आधी तक्रार करा, मुदत गेली म्हणून ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, बिलाचा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट तयार ठेवूनच फोन लावा. मोठी रक्कम नाही म्हणून सोडून देऊ नका, दाजींना असल्या पाठपुराव्याचं बळ असतं, मी बघितलंय अशा लोकांना, ४९ रुपयांच्या परताव्यासाठी तीन आठवडे भांडतात.

शूटिंग मिळालं की एकदा पेनड्राइव्हवर, एकदा लेकीच्या नव्या लॅपटॉपवर, आणि औक्षणाचा तेवढा पाच-सात मिनिटांचा तुकडा कापून गूगल ड्राइव्हवर, १५ जीबी फुकट मिळते त्यात सहज मावतो. तोच तुकडा नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाका, आणि त्याच ग्रुपवर आधी विचारून बघा की त्या दिवशी मोबाइलवर कुणी काढलं होतं का. पंच्याहत्तर दिव्यांचं ताट समोर आलं की हॉलमधल्या निम्म्या लोकांचे मोबाइल वर गेलेले असतात. एखाद्या मावशीकडं, आडवा धरलेला, मधेच कुणाचं तरी डोकं आलेला व्हिडिओ नक्की सापडेल. फोटोग्राफरचं यायचं तेव्हा येईल, सासूबाईंना संध्याकाळपर्यंत तो लावून द्या.